खडीच्या वाटेवरचा पिंड

कार्डिफहून वर दरीत जाणारी एक रेल्वे होती. कोळसा कमी झाला तशी ती बंद पडली, रूळ उचलून नेले आणि मागे उरली ती खडी. तिच्यावर मोटार नाही, लॉरी नाही, बस नाही. दोन्ही बाजूंना ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं आणि मधून सायकलवर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझा नागपूरचा मित्र. आम्ही एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होतो आणि रविवारी एकमेकांना दमवायला त्या वाटेवर जायचो.

पहिल्याच रविवारी खडीने मला असं हादरवलं की माझ्या दाढेतलं चांदीचं फिलिंग उडालं आणि मागून येणाऱ्या मित्राने ते टोपीत झेललं. पुढच्या रविवारी समोरून वारा असा, की दहाला निघालो आणि जोर लावून पॅडल मारत मारत पावणेदहाला घरी परत आलो. सोमवारी टी-ब्रेकला मी हे सांगायचो आणि गोरी मंडळी खुर्चीवरून पडायची. मित्र तिथेच बसलेला असायचा. टोपीच्या गोष्टीला तो गंभीरपणे मान डोलवायचा आणि नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणायचा, "माझ्याकडे टोपी नाही बे."

एक गोष्ट मात्र खरी. दोन तास त्या खडीवर हँडल धरलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. घरी आल्यावर चहाचा कप हातात आहे की नाही, हे मला डोळ्यांनी बघून ठरवावं लागायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आई गेली. साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आई गेली. पहाटे. तू निघू नकोस, तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल." मी बरं म्हणालो. बायकोने विचारलं, "अहो, रजा टाकताय ना?" मी कोट घातला आणि कामावर गेलो. टी-ब्रेकला कोणीतरी फिलिंगची गोष्ट मागितली. मी सांगितली. त्या दिवशी लोक सगळ्यांत जास्त हसले. मला आत काही होतंय का हे मी बघत होतो, कप बघावा तसं. काही होत नव्हतं.

दहा दिवसांनी भावाचा पुन्हा फोन. दशक्रियेला पिंड ठेवला होता नदीवर. कावळा शिवेना.

"तीन तास बसलो दादा. मी सांगितलं, मुलांचं नीट करीन. हिने सांगितलं, तुमची तुळस सांभाळीन. मामांनी सांगितलं. कावळे झाडावर बसून होते पण खाली येईनात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं."

"मग झालं की."

"झालं काय? तिचा जीव अडकलाय. आमचं सगळ्यांचं बोलून झालं, राहिलास फक्त तू. तिथे पिंड ठेव. काय कबूल करायचं ते तुझं तू बघ. रविवारी फोन करतो. मला सांग शिवला का. तोवर मला झोप नाही."

त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला खरंच झोप नव्हती. मला होती, आणि छान लागायची. म्हणून मी हो म्हणालो.

शनिवारी बायकोने भात केला. घरात बासमती. बासमतीचा पिंड वळून बघा एकदा. शीत शिताला ओळख देत नाही. तीन वेळा फुटल्यावर बायको कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडिंग राइस घेऊन आली, इथले लोक दुधात साखर घालून खीर करतात तो. त्याचा पिंड असा वळला की भिंतीवर मारला असता तर भिंत पडली असती. वर काळे तीळ लावले. केळीचं पान नव्हतं. कपाटात नाताळची एकच कागदी प्लेट उरली होती, तिच्यावर नाकं लाल असलेली हरणं. त्या प्लेटमध्ये पिंड ठेवून मी मागच्या बागेत हात जोडून उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत कार्डिफच्या एका सीगलने पिंड उचलला. प्लेटसकट. हा सीगल मी नंतर गोष्टीत बकऱ्याएवढा करून सांगितला, पण तो खरोखर कोंबडीएवढा होता आणि तेवढाही पुरे होता.

"हा चालत असेल का हो?" बायकोने खिडकीतून विचारलं.

मी भावाला तोंड कसं दाखवणार होतो? दुसरा पिंड वळला, स्टीलच्या डब्यात भरला आणि मित्राला फोन केला.

"कावळे कुठे असतात?"

"वरती, पडक्या स्टेशनापाशी. का बे?"

मी सांगितलं. त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी पिंड, दर्भ, गुरुजी सगळं घराबाहेर गेलं होतं, आणि ह्या विषयावर तो मला दर सर्वपित्रीला ऐकवायचा. मी वाट बघत राहिलो.

"नऊला निघू," तो म्हणाला. "मी हात जोडणार नाही. पंक्चर झालं तर काढीन."

रविवारी ढग इतके खाली होते की मी मान वाकवून सायकल चालवली. डबा मागे कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधलेला. खडीवर तो दहा मैल खडखडत होता आणि एरवी बडबडणारा मी गप्प होतो. मित्राला ते सहन होईना.

"बोल ना बे काहीतरी. फिलिंगचं सांग."

"तुला माहितीय ते."

"टोपी माझीच ना? मला काय माहिती?"

चाकाखाली खडी करकरत होती. दरीत मोटारींचा आवाज नाही, माणसाचा नाही. बोटं बधिर झाली तेव्हा मला बरं वाटलं. निदान त्याचं कारण ठाऊक होतं.

पडक्या स्टेशनाचा फलाट तेवढा शिल्लक होता, त्यातून बर्चची झाडं वर आलेली. आणि झाडांवर कावळे, काळेकुट्ट, साताऱ्यात दिसतात तसे करड्या मानेचे नव्हेत.

"हे डोमकावळे आहेत," मी म्हणालो.

"आईला चालतील. विचारून बघ."

डबा उघडला. खडीने पिंडाची वाट लावली होती. गोळा जाऊन त्याची चपटी इडली झालेली. मी ती पुन्हा वळली, फलाटाच्या कडेला ठेवली, चार पावलं मागे आलो आणि हात जोडले. मित्र सायकलींपाशी पाठ करून उभा राहिला.

"आई, दिवाळीला येतो," मी मोठ्याने म्हणालो.

एका कावळ्याने मान वाकडी केली. बस, तेवढंच.

"दर दिवाळीला जातोस तू," मागून आवाज आला. "लॅबमध्ये तरी असंच सांगतोस."

"तू बोलू नकोस. आई, अंगणात फरशी घालून देतो. तुझ्या नावाने शाळेला पंखे देतो."

दोन कावळे खाली उतरले, फलाटावर चालले आणि पिंडापासून हातभर अंतरावर थांबले. मग उडून परत झाडावर. मी अजून तीन-चार गोष्टी कबूल केल्या. विहीर बांधायचंही कबूल केलं, आणि आमच्याकडे तर विहिरीला जागाच नाही.

"ती पत्रात काय विचारायची रे?" मित्राने विचारलं. आता तो वळला होता.

काय विचारायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी, भावाच्या अक्षरात, एकच ओळ असायची. कायमचा परत कधी येतोस? आणि मी उत्तरात लिहायचो की इथे बर्फ एवढा पडला की विमानांना जमीनच दिसत नाही. हॉस्पिटल म्हणतं, तू गेलास तर बंद करावं लागेल. ती हसायची म्हणे. पुढच्या पत्रात पुन्हा तीच ओळ.

मी कावळ्यांकडे बघून म्हणालो, "आई, मी परत येणार नाही. मुलं इथली झाली. मीही झालो. हे मला खूप आधीपासून माहीत होतं."

गळा दाटला, डोळे भरले, असं लिहायला मला आवडलं असतं. माझ्यासारख्याला ते अवघडही नाही. पण तसं काही झालं नाही. थंडी वाजत होती आणि नाक गळत होतं, ते थंडीने.

कावळे हलले नाहीत. वळणावरून मात्र एक लॅब्राडॉर आला. खडीवर नखं वाजवत आला, पिंड हुंगला आणि दोन घासांत संपवला. मागून त्याची मालकीण धावत आली, दरीतली एक म्हातारी. "अरे देवा, तुमचा लंच होता का तो? आणि हा घरून जेवून निघालाय हो!" तिने आम्हाला तिचं सफरचंद देऊ केलं. मित्र एवढा हसला की त्याला सायकलीचा आधार घ्यावा लागला. मग माझ्याकडे बघून थांबला आणि म्हणाला, "सॉरी यार."

म्हातारी कुत्र्याला रागावत निघून गेली. फलाटावर पाच-सात शितं उरली होती आणि थोडे तीळ. तेव्हा कावळे उतरले. तीन आले, आणि त्यांनी एकही शीत ठेवलं नाही.

"हे धरायचं का?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? मी सोडून बसलोय," तो म्हणाला. मग रिकामा डबा त्यानेच उचलून त्याच्या सायकलीला बांधला.

दुपारी भावाचा फोन आला. मी त्याला जसं घडलं तसं सगळं सांगितलं. सीगल, हरणांची प्लेट, पुडिंग राइस, लॅब्राडॉर, म्हातारीचं सफरचंद, शेवटची शितं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही वाढवलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "दादा, हात जोडतो. आज तरी गोष्टी नकोत. खरं सांग. शिवला का?"

"शिवला," मी म्हणालो.

तो रडायला लागला. मी रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. हातातल्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या.

"काय कबूल केलंस?" जरा वेळाने त्याने विचारलं.

"परत येणार नाही, असं सांगितलं."

लाइनवर खरखर होत होती.

"आणि तरी शिवला?"

"हो."

"म्हणजे तिला ठाऊक होतं," भाऊ म्हणाला. मग नाक ओढून, आवाज नेहमीसारखा करत म्हणाला, "मग माडीवरची खोली मुलांना अभ्यासाला देऊ का? तुझी म्हणून ती कोणाला झोपू देत नव्हती तिथे. रोज झाडायची."

"दे," मी म्हणालो. "खिडकीकडे टेबल लाव. उजेड डावीकडून येईल."