हाडकीवरचा बगीचा

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी कानशिलावर. बाकावरून मी खाली पडले आणि तोंडात रक्ताची खारट चव आली. समोर शेटजी उभा होता. दिग्रसचा कापसाचा बडा व्यापारी, बगीचा कमिटीचा मुख्य.

"बाक बाटवला," तो म्हणाला. "पानी आन अन् धुऊन काढ."

हा बगीचा म्हणजे आमची हाडकी. गावाची मेलेली ढोरं ओढून आणायची, इथं फाडायची, हाडं इथंच टाकायची. त्या कामापोटी ही जमीन आमच्याकडे. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो आणि ढोरं ओढणं सोडलं. गावचे बडे म्हणाले, काम नाही तर जमीनही नाही. मग तिथं कुंपण आलं, कारंजं आलं, सिमेंटचे चार बाक आले. खोदायला मात्र आम्हीच, तेही मागच्या दारानं. दोन वर्षं मी नाल्यावरून पाणी वाहिलं. गुलाब असे फुलले की लोक तोंडात बोटं घालत. फुलणारच. खाली पिढ्यान्‌पिढ्यांची हाडं होती.

त्या दिवशी पाय भरून आले. बाक रिकामा होता, बसले. एवढाच गुन्हा.

मी उठले. सवयीनं हात बादलीकडे गेला. त्या हाताची मला आजही लाज वाटते. बादली भरलेलीच होती. मीच भरून आणलेली. तिथं माझं डोकं फिरलं.

"शेटजी, हे पानी मीच आनलं. मी बसली तं बाक बाटते, अन् माह्या पान्यानं शुद्ध कसा व्हते?"

उत्तर नसलं की या लोकांचा हात चालतो. काठी पुन्हा वर गेली. या वेळी मी ती धरली, हिसकावली आणि बाकावर आपटली. दोन तुकडे झाले. त्याची माणसं धावून आली. केसांना धरून त्यांनी मला फाटकाबाहेर ओढलं, आम्ही ढोरं ओढायचो तसं. एक दात आतच राहिला, गुलाबांच्या मातीत. मुठीतला तुकडा मात्र मी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या फाटकातून आत गेले. बादली घरी ठेवली. त्याच बाकावर बसले, काठीचा तुकडा मांडीवर घेऊन. ज्याला मला उठवायचं असेल त्यानं यावं. येताना आपली काठी आणावी. माझी माझ्याजवळ आहे.