डोक्यावरची रेघ

दक्षिण ध्रुवावर अस्वलं नसतात. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि भूगोलाचे सर रजेवर गेले की त्यांचे तासही घ्यायचो. तरी त्या डिसेंबरच्या सकाळी पेंटरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सर, आज दुनियेत काय हाय?" तेव्हा मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात बोट घालून सांगितलं, की आजच्याच दिवशी माणूस पहिल्यांदा दक्षिण ध्रुवावर पोचला. तिथं काय असतं, असं त्यांनी पुढं विचारलं. मी बेधडक सांगून टाकलं, बर्फ आणि पांढरी अस्वलं.

अर्ध्या तासात फळ्यावर बर्फ पडला. 'सार्वजनिक वाचनालय' या दहाही अक्षरांवर पांढऱ्या खडूचा थर चढला आणि 'क'ला टेकून एक गुबगुबीत अस्वल उभं राहिलं. मग आमचे निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांनी चष्मा पुसला, फळा पाहिला आणि पाचसहा वाचकांदेखत विचारलं, "दक्षिणेत अस्वल कुणी सोडलं?"

मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो. पेंटरांनी माझं नाव घेतलं नाही. खडू उचलून त्यांनी अस्वलाच्या काखेत एक बोचकं दिलं, गळ्यात मफलर घातला आणि म्हणाले, "त्याची गाडी चुकलीय, मास्तर. दुसरी धरून जायलाय."

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं आहे, स्टेशन आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातले बरेचजण अजून सकाळी मला नमस्कार करतात. पेंटरांचंही नाव सांगत नाही. ते सांगायला मला ते नीट माहीत असायला हवं होतं. सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं, मीही म्हणायचो. एस. टी. स्टँडसमोर त्यांची टपरी होती. बोरीपासून सोनपेठपर्यंत ट्रॅक्टरांच्या नंबरपाट्या आणि खतांच्या दुकानांचे बोर्ड त्यांच्याच हातचे. अक्षर बघितलं की लोक ओळखायचे.

मी तेव्हा वाचनालयाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे दार उघडणारा, पेपर दांडीला लावणारा आणि अध्यक्षांपुढं मान हलवणारा. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात एका वावटळीनं वाचनालयाची पत्र्याची पाटी उडाली आणि नालीत पडली. नवी होईपर्यंत दारातल्या फळ्यावर मी नाव लिहून देतो, असं पेंटर म्हणाले. नवी पाटी झालीच नाही. ते रोज सकाळी आठाला यायचे, माझ्या आधी पेपर वाचायचे आणि नाव लिहायचे.

पहिले काही दिवस नुसतं नाव होतं. मग गणपतीत 'ज'ला सोंड फुटली. दोन ऑक्टोबरला 'ल'च्या दोन वाटोळ्यांचा चष्मा झाला. ईदेला 'र्व'वरचा रफार चंद्रकोर होऊन बसला आणि तांबोळी गल्लीतली पोरं तो बघायला आली. गणपतीत 'ज'ला सोंड फुटली. नाताळात 'सा', 'वा', 'ना' यांच्या कान्यांच्या मेणबत्त्या झाल्या. आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच, नर्सबाईंचं, आणि त्या फळ्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की त्यांची ड्युटी चुकली. गावातले सण संपले तशी पेंटरांची भूक वाढली. माणूस चंद्रावर उतरला तो दिवस, टेलिफोन शोधणाऱ्याचा वाढदिवस, पारशांचं नवं वर्ष. कोणत्या देशाला स्वातंत्र्य कधी मिळालं, ते मी पुस्तकातून सांगायचो आणि ते त्या देशाला आमच्या दहा अक्षरांत जागा करून द्यायचे. रंगीत खडू मी शाळेतून आणायचो. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

त्यांची लिहायची रीत तुम्ही पाहायला हवी होती. आपण आधी रेघ मारतो आणि तिच्याखाली अक्षरं काढतो. ते आधी दहाही अक्षरं मोकळी काढायचे. मग डाव्या टोकाला जाऊन श्वास धरायचे आणि न थांबता, चालत चालत, या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढायचे. ती कधी पतंगाची दोरी असायची, कधी तार, कधी शिवरात्रीचा नाग. मी एकदा विचारलं, असं उलटं का? ते म्हणाले, "डोक्यावरची रेघ शेवटी, सर. आधी मारली की अक्षरं तिला लोंबकळतात. आपल्या पायावर उभी तर ऱ्हाऊ द्या त्यांना."

मला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात मी ते माझंच म्हणून सांगितलं.

पुढच्या एप्रिलमधली गोष्ट. चौदा तारखेला सुट्टी होती, म्हणून मी उशिरा गेलो. फळ्यावर नुसतं नाव, साधी रेघ. पंधराला पेंटर आले तेव्हा मी सहज म्हणालो, की काल काहीच काढलं नाहीत, तुमच्या तर घरचाच दिवस होता. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी सांगितलं न्हाई की."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. वर्षभर मी या माणसाला नॉर्वे, चंद्र, अस्वलं, कुठलं काय काय सांगत होतो. हा एक दिवस सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण माझ्या हिशेबी ती नुसती सुट्टी होती. मी घाईघाईनं म्हणालो, की पुढच्या वर्षी मोठं काढायचं, मी आदल्या दिवशीच सांगीन. तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. काय काढायचं ते त्यांचं आधीच ठरलं होतं. "सगळी अक्षरं पुस्तकं करतो, सर. कपाटात उभी लावल्यासारखी. बाबासाहेब लय वाचायचे." ते हाताच्या पंज्यानं हवेत पुस्तकांची उंची दाखवायला लागले. एक जाड, एक बारीक, एक जरा कललेलं.

ती पुस्तकं राहिली.

जुलै संपता संपता विद्यापीठाच्या नामांतराचा, बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. बंद झाले, मोर्चे निघाले, बसवर दगड पडले. खेड्यांतून जाळपोळीच्या बातम्या येऊ लागल्या. मी त्या बातम्या रोज सकाळी दांडीला लावत होतो. मथळे वाचून 'वाईट चाललंय' एवढं म्हणायचो आणि शाळा बंद असल्यानं घरी जाऊन झोपायचो. पेंटर त्याही दिवसांत रोज आले. पण ते पेपर उघडत नव्हते आणि दुनियेत काय आहे ते विचारत नव्हते. नाव लिहायचे आणि जायचे. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. रोज पुस्तक धुंडाळायचा त्रास वाचला.

मग एका मंगळवारी मी गेलो तर फळ्यावर दहा अक्षरं होती आणि वर रेघ नव्हती. पेंटर लिहून गेले होते. मला हसू आलं. एवढा मोठा कारागीर, आणि डोक्यावरची रेघ विसरला. मी कपाटातली लाकडी पट्टी काढली, खडू घेतला आणि त्यांच्या अक्षरांवर रेघ मारून टाकली. ती 'वा'पाशी वर गेली आणि 'य'पर्यंत उतरत आली. तरी आपण एका कलावंताची चूक झाकली, याचा मला दिवसभर आनंद होता.

बुधवारी ते आले आणि फळ्यासमोर थांबले. कालची अक्षरं तशीच होती. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "सर, छप्पर तुमी घातलं?"

मला काही उमगलं नाही. मी म्हणालो, "रेघ ना? हो, मीच मारली. विसरला होतात तुम्ही."

"विसरलो न्हाई." ते माझ्याकडं वळलेच नाहीत. "गावाकडं आमच्या वस्तीत एका बी घरावर छप्पर ऱ्हायलं न्हाई. मला वाटलं, ती चढंस्तोवर इथं बी नको."

माझ्या हातात त्या दिवशीचा पेपर होता. अर्धा दांडीत गेलेला, अर्धा बाहेर. या माणसाला एक गाव आहे, त्या गावात त्याचं घर आहे, आणि मी आठ दिवस जे दांडीला लावतोय ते त्या घराचं आहे, हे मला तेव्हा, त्या जागी उभा असताना कळलं. त्यांच्या घरातलं कुणी जखमी आहे का, माणसं कुठं आहेत, यातलं काही न विचारता मी पेपर दांडीत पुरता सरकवला.

मग त्यांनी विचारलं, "पुसू का?"

त्या फळ्यावर काहीही काढताना त्यांनी मला कधी परवानगी मागितली नव्हती. तेव्हा मी 'पुसा' एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरी शब्द आहे. मी म्हणालो, "थांबा, अध्यक्ष येतीलच. त्यांना विचारतो."

"विचारा," म्हणाले आणि पायरीवर बसले.

अध्यक्ष साडेनऊला आले. वाईट माणूस नव्हता. वकील होते, शांत बोलायचे. मी त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चुकचुकले आणि म्हणाले, "सर, वाचनालय सगळ्यांचं असतं. उगं कुणाचं मन कशाला दुखवायचं? रेघ असू द्या." माझी मान सवयीनं हलली. दार उघडंच होतं. मान हलताना माझं लक्ष पायरीकडं गेलं आणि पेंटर माझ्याकडंच बघत होते.

ते उठले. मला वाटलं, आता ते फळा पुसून टाकणार. पुसावाच, असंही वाटलं. मग मला काही करावं लागलं नसतं. पण त्यांनी फळ्यापाशी जाऊन अंगठा थुंकीनं ओला केला आणि 'वा'वरचा माझा उंचवटा पुसला. खडू घेऊन तिथली रेघ सरळ केली. मग 'ना'वरची, मग 'ल'वरची. 'य'च्या टोकापर्यंत ती अशी झाली की जणू त्यांनीच एका श्वासात ओढली होती. "वाकडी दिसायली होती," एवढंच बोलले. खडू खिडकीत ठेवला, हात धोतराला पुसले आणि गेले.

अध्यक्ष माझ्या शेजारी उभे होते. पेंटरांनी चिडून काही फोडलं असतं, आम्हाला शिव्या दिल्या असत्या, तर आम्हाला काय करायचं ते सुचलं असतं.

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. फळ्याला हात लावायचा मला धीर झाला नाही. ती रेघ तशीच राहिली आणि येणारे जाणारे म्हणायचे, वा, किती सरळ. शनिवारी मात्र मी त्यांची खोली शोधत गेलो. स्टेशनमागं बांगडीवाल्या चाचीच्या शेजारी. दाराला कुलूप होतं. चाची मला ओळखत होती, तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. "कलच गये, सर. बुढिया, भावज, तीन बच्चे, सब. आठ दिन इसी एक कमरे में थे. मेरेच चूल्हे पे पकाते थे." कुठं गेले, तर कल्याणकडं, कुणी पाहुणा आहे म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "आपको मालूम नै था?"

पुढं सोळा वर्षं फळ्यावर मीच नाव लिहिलं. अक्षर गचाळ, पण कुणी तक्रार केली नाही. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. दुसऱ्या दिवशी ती बातमीही मीच दांडीला लावली. कल्याणकडून आलेल्या एकदोघांना मी विचारून पाहिलं, अक्षर सांगितलं, रेघेची रीत सांगितली. नाव सांगा, ते म्हणाले. ते मला सांगता आलं नाही.

पण मी सांगत होतो त्या शनिवारचं. चाचीकडून घरी आलो आणि बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. राणीसावरगावच्या शेतकऱ्याची मुलगी ती, फारशी बोलणारी नाही. मला वाटलं, ती म्हणेल, तुमचा काय दोष, अध्यक्षांनीच सांगितलं होतं. खरं म्हणजे ते ऐकायलाच मी एवढं लांबवून सांगत होतो. ती डाळ निवडत होती. तिचे हात थांबले. ताटातल्या डाळीकडं बघत ती म्हणाली, "मंगळवारी तुम्ही घरी येऊन सांगितलंत, पेंटर रेघ विसरले म्हणून. मी हसले हो."