किल्ली देणारे सर

“नाव काय त्याचं? ते घे.”

मैदानावर कुणी कुणाला ‘बायल्या’ म्हटलं, की आमचे पीटीचे सर शिट्टी फुंकायचे आणि एवढंच म्हणायचे. खेळ थांबायचा. सगळी मुलं उन्हात उभी. शिवी देणारा मान खाली घालून समोरच्याचं नाव घ्यायचा, वडिलांच्या नावासकट, तेव्हा कुठे चेंडू पुढे सरकायचा.

असे सर तुम्हीही पाहिले असतील. पोट सुटलेलं, कबड्डीत मोडलेलं बोट तसंच वाकडं जुळलेलं, आणि स्टाफरूममध्ये ज्यांचं मत कुणी विचारत नाही असे. आमचे सर चांदवडकडचे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्यांचं ‘हाय’ आणि ‘लय’ ऐकून आम्ही तोंड फिरवून हसायचो. मी विज्ञान शिकवते. मीही हसायचे.

नववीतल्या एका मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की त्याला दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा आवडतो. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून तिघेजण त्याला मधल्या सुट्टीत मुलांच्या बाथरूममध्ये गाठू लागले. तिथे काय चालायचं ते आम्हा शिक्षकांना अर्धंमुर्धं ठाऊक होतं. उरलेलं आम्ही ठाऊक करून घेतलं नाही.

मग एक दिवस ड्रिलच्या वेळी तो मुलगा चक्कर येऊन पडला. सरांनी त्याला उचलून खेळाच्या खोलीत नेलं. मी ग्लुकोज घेऊन गेले तेव्हा सर जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून बोलत होता. बाथरूमला जावं लागू नये म्हणून तो सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हता. कितीतरी दिवस.

“सर, ते म्हणतात तसाच आहे मी,” तो शेवटी म्हणाला.

“बरं,” सर म्हणाले. “मग? पाणी पी आधी.”

त्याच दिवशी त्यांनी स्टाफच्या बाथरूमची आपल्याकडची किल्ली त्याला देऊन टाकली.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. “मॅडम, मला यातलं लय कळत नाय. पोराला मारलेलं तेवढं कळतं. तुमच्या सायन्सात हाय का हे? असंल तर सांगा ना वर्गात, की यात वंगाळ काय नाय म्हणून.”

“सिलॅबसमध्ये नाही, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं असावं.

सरांनी त्या तिघांच्या घरी फोन केले. पालकांची सभा भरली. सर उभे राहून काय घडलं ते सांगू लागले, तर एका मुलाचे वडील मध्येच उठले. “सर, तुमचं लग्न झालेलं नाही ना?”

“नाय.”

“आणि किल्ली तुम्हीच दिली त्या मुलाला?”

“दिली.”

हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. किल्ली का दिली, हे तिथे मलाही ठाऊक होतं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

मार खाणाऱ्या मुलाचे वडीलही उठले. “आमचा मुलगा तसला नाहीये. ह्यांनीच त्याच्या डोक्यात भरवलंय,” ते म्हणाले. तोवर ताठ उभे असलेले सर तेव्हा खुर्चीचा हात धरून खाली बसले.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आम्हा शिक्षकांकडून एक निवेदन लिहून घेतलं. विनापरवानगी किल्ली दिली, विद्यार्थ्याशी बंद खोलीत बोलले, वगैरे. मी सही केली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खोलीचं दार बंद होतं, कारण बाहेर मुलं कान लावून उभी होती. ते निवेदनात नव्हतं.

त्या निवेदनावर सरांची नोकरी गेली. जाताना सर स्टाफरूममध्ये आले. माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर तीन नावं होती, वेगवेगळ्या वर्गांतल्या मुलांची. “ह्यांच्याकडं जरा बघा, मॅडम. सांगत नायत, पण त्यांचंबी तसंच चाललंय.”

मी बघितलं. नुसतं बघितलं. त्यातल्या एकाने पुढच्या जूनमध्ये शाळा सोडली. नववीतल्या त्या मुलाचा दाखला तर घरच्यांनी आधीच काढून नेला होता. मारणाऱ्या तिघांपैकी एकाला स्नेहसंमेलनात उत्कृष्ट खेळाडूचा चषक मिळाला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

गेल्या हिवाळ्यात सर गेल्याचं स्टाफच्या ग्रुपवर आलं. हार्ट अटॅक. सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. महिन्याभराने एका रविवारी मी बसने चांदवडला गेले. का गेले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. घरात त्यांची थोरली बहीण होती. तिने मला खुर्ची दिली.

“पोरांचे फोन यायचे त्याला,” ती सांगू लागली. “कुठकुठली पोरं. कुणाला घरातून हाकललेलं, कुणाला वर्गात मारलेलं. हा ओट्यावर बसून ऐकत राहायचा. जेवणाचं ताट गार व्हायचं. एक पोरगा तर इथंच राहून बारावी देऊन गेला. माती द्यायला आली होती ना सगळी, लय रडली.”

मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “नाशकाच्या त्या शाळेनं लय वाईट केलं बघा त्याचं. तिथलं एक माणूस नाय आलं.”

मी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होते, लावत होते.

“तुम्ही कुठल्या, बाई?”

“मी?” मी म्हणाले. “अशीच. ओळखीची.”

“बसा,” ती म्हणाली, “चहा टाकते,” आणि आत गेली.