विहिरीतली लक्ष्मी

झरी गावाजवळच्या आमच्या शेतातल्या विहिरीत एक कासव होतं. विहीर बांधून झाली तेव्हा सासऱ्यांनीच ते नाल्यातून आणून सोडलेलं. कासव असलं की पाणी निर्मळ राहतं आणि आटत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. सासूबाई तिला लक्ष्मी म्हणायच्या. सणावारी नैवेद्याचा घास टाकला की ती वर यायची, डुकरासारखं नाक पाण्याबाहेर काढायची आणि दगडी भिंत पुढच्या पायांनी खरवडत बसायची.

"पाया पडायलीय बघ," सासूबाई म्हणायच्या. मीही भक्तिभावाने हात जोडायचे.

गेल्या भादव्यात मोटर पाणी ओढेना. आमच्या ह्यांनी पाइप वर ओढून काढला. त्याच्या तोंडाची जाळी गाळाने आणि पांढऱ्या, गोल गोट्यांनी गच्च भरली होती. एक गोटी मी सहज दाबली. ती फुटली आणि आतून पिवळा बलक हातावर ओघळला.

माझं माहेर गंगाखेडचं. नदीकाठच्या कोरड्या मातीत मागच्या पायांनी खड्डा करून अंडी पुरणारी कासवं मी लहानपणी पाहिलेली. सगळा जन्म पाण्यात काढतील, पण अंडी मातीतच घालतील. आमच्या विहिरीत माती कुठली? तळापासून कठड्यापर्यंत घडीव दगड. बिचारीने अंडी पाण्यातच सोडली होती. हे किती वर्षं चाललं होतं, कोण जाणे.

"ही अंडी हायत तिची," मी म्हणाले.

सासूबाई कठड्यावरून विहिरीत वाकल्या.

"म्हंजे पाया पडत न्हवती ती," त्या म्हणाल्या. "वर काढा म्हणायलती."

"लक्ष्मी बाहेर काढली अन् पाणी गेलं तर?" ह्यांनी विचारलं.

"जाऊ दे."

टोपल्यात भात टाकून तिला वर घेतलं आणि बांधावर ठेवलं. आधी तिने डोकं आत ओढलं, पोटाखालच्या मऊ झापांनी मागचे पाय झाकून घेतले आणि गपगार पडली. मग हळूच नाक बाहेर आलं. पाण्याकडे तिने पाहिलंही नाही. पोटात अजून अंडी असावीत; मागच्या पायांनी माती उकरायला लागली.

सासूबाईंनी पदर सावरला, तिच्याकडे पाठ फिरवली आणि ह्यांना म्हणाल्या, "तू जाय घरी. बाईचं बाळंतपण हाय."