मधे मुक्काम नाही

आमच्या दौंडच्या चौकात एका पुढाऱ्याचा फ्लेक्स दिवाळीपासून उभा आहे : ‘परदेश अभ्यासदौऱ्याहून यशस्वी आगमन’. अभ्यास कशाचा, हे फ्लेक्सवर मावलेलं नाही. त्यामुळे विमानप्रवासाबद्दल मला आदर असा कधी वाटला नव्हता. तो शिकवला माझ्या सासऱ्यांनी, ज्यांनी विमान फक्त खालून पाहिलं आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते शिरूरजवळच्या वस्तीवर शेती करतात. तरुणपणी मात्र दर वर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. माझी मेहुणी सॅन फ्रान्सिस्कोला असते. तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन यावं म्हणून तिने तिकिटाआधी वडिलांना विचारलं आणि तिथेच अडलं. समजूत घालायला मला पाठवण्यात आलं.

“किती लांब?” मामांनी विचारलं.

“साडेतेरा हजार किलोमीटर. मुंबईपर्यंत सोळा-सतरा तास.”

“मुक्काम कुठं?”

“मधे मुक्काम नाही. एकदम सरळ.”

“म्हंजी एवढंसं लेकरू सोळा तास खाली ठेवायचंच न्हाई? न्हाई पाव्हणं. दोन वर्सांनी ये म्हणावं.”

त्यांच्या वयाला दोन वर्षं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही.

मेंढरं दिवसाला दहा किलोमीटर चालतात, असं त्यांच्याकडूनच काढून घेऊन मी गणित मांडलं. “तुमच्या चालीनं जवळपास पावणेचार वर्षं लागतील, मामा.”

“मंग पोर आपल्या पायानं चालत यील की,” ते म्हणाले. हसले नाहीत.

शेवटी मेहुणीनेच व्हिडिओ कॉल केला. “आबा, वाटेत कोकरू जन्मलं की कुठं ठेवायचं?”

“घोड्याच्या पाठीवर, जाळीत. आय शेजारनं चालायची.”

“विमानात पुढच्या भिंतीला पाळणा लावून देतात. मी त्याच्यासमोरच बसणार. भूक लागली की पाजणार.”

मामा माझ्याकडे वळले. “आन् हे आदी सांगायचं न्हाई व्हय, पाव्हणं? मंग घोडं कितीबी पळू द्या.”

पाळण्याचं मला ठाऊकच नव्हतं. मी किलोमीटर पाठ करून गेलो होतो.

विमान निघालं त्या दिवशी मामांच्या ओसरीवर फोन तांब्याला टेकवून ठेवला. नकाशावर नखाएवढं विमान.

“खाली गाव कंचं?”

“समुद्र.”

तासाभराने, “आता?”

“समुद्रच.”

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पायातलं पायताण काढून बाजूला ठेवलं. मीही उगाच नीट मांडी घालून बसलो. एवढ्या पाण्यावरून, भिंतीला लावलेल्या पाळण्यात, आमचं एक माणूस झोपून येत होतं. अशा वेळी फ्लेक्सवर काय लिहितात, मला माहीत नाही.

मुंबईहून शिरूरला यायला त्यांना आणखी आठ तास लागले. त्यातला दीड तास कोरेगाव भीमाच्या अलीकडे, एकाच ट्रकच्या मागे.

गाडी थांबली तेव्हा मामांनी अंगणात घोंगडी अंथरलेली होती. माझी बायको ओवाळायला पुढे झाली, तिला त्यांनी थांबवलं. “आदी पोरगी खाली ठेवा.” मुक्कामाला पोचलं की कोकरू जाळीतून काढून प्रथम जमिनीवर ठेवायचं आणि ते पाय मारतं का पाहायचं, ही त्यांची रीत.

पोरगी घोंगडीवर आभाळाकडे बघत गप्प पडून राहिली. मामांचा श्वास मला ऐकू येत होता. मग तिने एक पाय झाडला, आणि लगेच दोन्ही, जोरात.

“पोचली,” मामा म्हणाले, आणि शेजारी खाली बसले.