बाहेरून शिवण

ब्लाउज न्यायला शिंप्याकडे गेले, तर काका एक नवा फ्रॉक हातात धरून बसले होते. समोर एक बाई आणि तिची सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीने कानांवर हात दाबून धरले होते, म्हणून काकांनी मशीन थांबवलं होतं.

"शिवण बाहेरून घ्या ना, काका," बाई म्हणाली. "आतली शिवण तिला टोचते. नाटक नाही करत ती."

काकांना ते रुचलं नाही. आतली सफाई हाच त्यांचा अभिमान. "लोक म्हणतील, उलटा घातलाय."

"म्हणू देत."

काकांनी फ्रॉकची शिवण हळूच स्वतःच्या मानेवरून फिरवून पाहिली. "इतकी वर्षं शिवण मी डोळ्यांनीच तपासली," असं पुटपुटत त्यांनी उसवायला घेतलं.

मशीन बंद होऊनही मुलीचे हात कानांवरच होते. का बरं, म्हणून मी कान दिला, तेव्हा कुठे मला पंख्याची घरघर ऐकू आली. एवढा वेळ ती माझ्याही कानांवर पडतच होती की. मग मला ती ऐकू येत नव्हती, हे बरं की वाईट? अजून काय काय माझ्यापर्यंत पोचत नसेल?

मी उठून पंखा बंद केला. मुलीने हात खाली घेतले आणि माझ्या घट्ट बाहीकडे बघत विचारलं, "तुम्हाला नाही टोचत?"

नाही म्हणता म्हणता मी बाही वर सरकवली. दंडावर लाल वळ होता.