पिस्तूल नको म्हणणारे नामदेवजी

नामदेवजी गेल्याची बातमी द्यायला त्यांचा धाकटा भाऊ दौलत स्वतः काटोल रोडवरच्या आमच्या पेट्रोल पंपावर आला. एसटीतून फाट्यावर उतरून, उन्हातून लंगडत. "बाई, दादा गेला," एवढंच म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि पुढे काय करावं ते न सुचून टँकरवाल्यावर उगाच खेकसले. माझा स्वभावच तसा, रडू यायच्या आधी राग येतो. त्याला आता महिना होऊन गेला. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीसाठी पंपवाल्या बाईनं एवढं हळवं काय व्हायचं, असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझे यजमान एकाहत्तरच्या लढाईत गेले. सरकारनं मला हा पंप दिला. माझी मीना तेव्हा सहा वर्षांची होती. पंप सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच भरदुपारी दोघं जण मोटारसायकलवरून आले आणि चाकू दाखवून गल्ला घेऊन गेले. पोलीस आले, पंचनामा झाला, चहा झाला. दुसऱ्या दिवशी दीर आले. "वहिनी, हे बायामानसाचं काम नोहे. पंप माह्या नावानं करून द्या. तुमाले अन् पोरीले काही कमी पडू देनार नाई." माणूस वाईट नव्हता, मनापासून घाबरला होता. पण पंप दिला असता तर मी आणि मीना जन्मभर कुणाच्या तरी ओसरीवर बसून राहिलो असतो, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, "भाऊजी, पंप नाई सोडत. मले बंदुकीचं लायसन पाह्यजे."

ते मिळेपर्यंत कचेरीत माझ्या दोन जोडी चपला झिजल्या. अखेर कागद हातात आला आणि मी सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेले. शेठनं मखमलीच्या तुकड्यावर दोन जिन्नस ठेवले. एक जुनं विलायती रिव्हॉल्वर, जाडजूड, मुठीचं लाकूड कुणाकुणाच्या घामानं काळवंडलेलं. दुसरं पिस्तूल. चपटं, चकचकीत, पर्समध्ये सहज मावेल असं. मी बघताक्षणी पिस्तुलावर बोट ठेवलं. "लेडीज के लिए यही सही है, बहनजी," शेठ खुश होऊन म्हणाला, कारण किंमतही त्याचीच जास्त होती.

तेवढ्यात मागच्या खोलीतून जाड भिंगाचा चष्मा लावलेला, तेलानं बोटं काळी झालेला एक माणूस बाहेर आला. हेच नामदेवजी, दुकानाचे मिस्त्री. "शेठ, बाईले एकदा हाताळून त पाहू द्या," ते म्हणाले. त्यांनी पिस्तुलात खोटी काडतुसं भरली, वरचा भाग खटकन मागे ओढून सोडला आणि माझ्या हातात दिलं. "आता रिकामं करा." शेठनं नुकतंच शिकवलं होतं. मी मुठीतून गोळ्यांचं मॅगझीन काढून ऐटीत टेबलावर ठेवलं.

"झालं रिकामं?"

"झालं."

"पक्कं?"

"म्हटलं ना झालं म्हनून!"

त्यांनी पिस्तूल घेतलं आणि पुन्हा वरचा भाग ओढला. आत नळीपाशी बसलेलं एक काडतूस टुणकन उडालं आणि घरंगळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं. शेठ छताकडे पाहू लागला. मला मात्र भर बाजारात कानफटात बसल्यासारखं झालं.

मग त्यांनी रिव्हॉल्वर उघडून माझ्यापुढे धरलं. सहा भोकं समोर. "हे पोट उघडून दाखवते, बाई. गोळी हाय का नाई, डोयानं पाहा. घरी लहान पोरगी हाय, तुमच्या डोक्यात हजार कामं. अन् एखादी गोळी फुसकी निघाली त फक्त चाप पुन्हा ओढा, दुसरी येते. पिस्तूल अडकलं त दोन हात लागतात, अन् डोकं थंड लागते."

"मंग पिस्तूल वाईट हाय का?" मी चिडून विचारलं.

"नाई बाई, चांगलंच हाय. हलकं, गोळ्या जास्त, भरायले सोपं. पन ते रोज हातात घेनाऱ्याचं काम हाय. तुमी रोज हातात काय घेता?"

"पेट्रोलचा पाइप."

"मंग?"

घेतलं रिव्हॉल्वर. वाटलं, सुटले. पण नामदेवजी सोडतात कुठले! दर शनिवारी दुकानाच्या मागच्या खोलीत सराव, तोही खोट्या काडतुसांचा, भिंतीसमोर. चाप इतका जड, की बोट आठवडाभर दुखायचं. आणि दर वेळी चाप ओढायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न, "मांगं कोन हाय?" मी म्हणायची, भिंत. "अन् भिंतीच्या मांगं?" एकदा माझं डोकं फिरलं. "मले काय मालूम, कोनाची म्हैस असंल!" मी म्हटलं. हा गृहस्थ शांतपणे उठला, बाहेर जाऊन वळसा घालून आला आणि म्हणाला, "म्हैस नाई. पोस्टमनची सायकल हाय." दसऱ्याच्या आठवड्यात अख्ख्या शहराच्या बंदुका पूजेसाठी साफ व्हायला त्यांच्याकडे यायच्या, श्वास घ्यायला फुरसत नसायची. तेव्हाही माझा शनिवार चुकला नाही. खुद्द दसऱ्याला मात्र ते कुणाला सापडायचे नाहीत. पांढरा सदरा घालून दौलतला घेऊन दीक्षाभूमीवर गेलेले असायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते दोघं पुन्हा आले. तोच चाकू, तीच घाई. मी खण उघडला, रिव्हॉल्वरची मूठ हातात आली, हात वर आला… आणि मला त्यांच्या मागे काचेच्या दारात मीना दिसली. शाळेतून आलेली, गळ्यात पाण्याची बाटली, तोंड उघडं. माझं बोट चापावर होतं. मी हात खाली घेतला, खण लावला आणि गल्ला पुढे सरकवला.

"मंग ते खेळनं काहून घेतलं?" दीर म्हणाले. या वेळी त्यांनी स्टँपपेपरच आणला होता. सही करते, असं मी म्हणाले, फक्त दोन दिवस मागितले. शनिवारी मी रिव्हॉल्वर घेऊन नामदेवजींसमोर ठेवलं. "शेठले सांगा, परत घ्या. माह्यानं नाई झालं."

"पोरगी कुठं उभी होती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग मला पहिल्यांदाच कळलं, की दौलत का लंगडतो. तरुणपणी नामदेवजी एका गिऱ्हाइकाचं पिस्तूल साफ करत होते. मॅगझीन काढलेलं, म्हणजे रिकामंच, असं समजून चाप ओढला. लाकडी फळीच्या पलीकडे दौलत भाकर खात बसला होता. गोळी त्याच्या गुडघ्यात गेली… "मी मांगं पाह्यलं नाई, बाई," ते म्हणाले. "तुमी पाह्यलं. माह्यानं जे नाई झालं, ते तुमच्यानं झालं. जा, पंप उघडा."

उघडला. दीर आले, तेव्हा मी त्यांच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरून दिलं आणि स्टँपपेपर कोराच परत केला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. उलट गर्दीच्या दिवसांत ते स्वतःच येऊन पाइप हातात घेऊ लागले. नामदेवजींचे आभार मानायला मी गेले की ते पुन्हा मान खाली घालून कामाला लागायचे. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला मी कधी धड जेवायलाही बोलावलं नाही, हे आता टोचतं.

गेल्या आठवड्यात लायसनच्या नूतनीकरणाला गेले होते. मीनाचं कॉलेज संपलं, आता पंपाची केबिन तीच सांभाळते, म्हणून मला वेळ मिळतो. कचेरीतल्या नव्या कारकुनानं रिव्हॉल्वरचा नंबर ताडून पाहिला, काडतुसं मोजली आणि सहज विचारलं, "बाई, एवढी वर्षं झाली, हे कधी कामी आलं का?"

"एकदा आलं," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा मोजली. "पन काडतुसं त सगळी हायेत!"

"पोरगी पन हाय."